नोंदीबाहेरचा ठणका : एचआयव्हीसह जगणाऱ्या ग्रामीण स्त्रिया आणि वेदनाशमनाचा इतिहास

महाराष्ट्राच्या खेड्यांतील एचआयव्हीच्या साथीचा इतिहास आजवर प्रामुख्याने दोन मापांनी लिहिला गेला आहे. लागण किती जणांना झाली हे पहिले माप, आणि औषधे मिळू लागल्यावर त्यांतील किती जण जगले हे दुसरे. लागण होऊनही जगलेली स्त्री पुढील दहा-वीस वर्षे कोणते दुखणे अंगावर काढत रानात, चुलीपाशी आणि रोजंदारीवर राबली, या तिसऱ्या मापाने तो जवळपास लिहिलाच गेलेला नाही. दीर्घकालीन वेदना, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना, ही एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्ये सर्रास आढळते. तरीही ती नोंदीबाहेर राहिली, याचे कारण केवळ कोणाच्या बेपर्वाईत शोधून भागणार नाही. भारतात वेदनाशमनाची व्यवस्था आणि एचआयव्हीवरील उपचारांची व्यवस्था या दोन वेगळ्या वाटांनी घडत गेल्या. पहिली कर्करोगाच्या अखेरच्या दिवसांशी जोडली गेली, दुसरीने आयुष्य वाढवणे हेच एकमेव उद्दिष्ट मानले, आणि मरत नसलेली पण दुखण्यातून सुटलेलीही नसलेली स्त्री या दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत राहिली.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये झाली आणि त्याच वर्षी मुंबईत एड्सचा रुग्णही आढळला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे ‘नॅको’ अस्तित्वात आली आणि त्याच सुमारास पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. आरंभीच्या धोरणात ‘जोखमीचे गट’ ही संकल्पना मध्यवर्ती होती, म्हणजे देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, ट्रकचालक, सुईने नशा करणारे अशा ठरावीक समूहांवर लक्ष ठेवले की साथ आटोक्यात येईल, अशी धारणा होती. घरातली लग्नाची बायको या नकाशात नव्हतीच. पुण्यातील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत येणाऱ्या, देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचे दाखवणारा अभ्यास १९९७ साली अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा या धारणेला पहिला मोठा तडा गेला. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांचा संबंध केवळ स्वतःच्या नवऱ्याशी आलेला होता.

दक्षिण महाराष्ट्रात हे चित्र अधिक ठळक होते. सांगली, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतून मुंबईकडे जाणारी माणसे, पुणे-बंगळूर महामार्गावरची वाहतूक आणि कर्नाटक सीमेवरची देवदासीप्रथेची जुनी परंपरा यांच्या एकत्र परिणामातून येथे लागण लवकर पसरली. सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ या संस्थेच्या आणि १९९६ मध्ये तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘व्हॅम्प’ या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेच्या कामामुळे गोकुळनगरसारख्या वस्त्यांतील स्त्रियांना निदान स्वतःचा आवाज मिळाला. आडगावच्या सुनेला तोही नव्हता. तिला स्वतःच्या लागणीचा पत्ता बहुधा दोन प्रसंगी लागे, गरोदरपणातील तपासणीत किंवा नवरा अंथरुणाला खिळल्यावर. मधली काही वर्षे ती नवऱ्याची शुश्रूषा करण्यात घालवी, त्याच्या पश्चात सासरी राहायचे की माहेरी जायचे हा प्रश्न उभा राही, आणि स्वतःच्या दुखण्याकडे पाहण्याची पाळी सर्वांत शेवटी येई.

औषधे येण्यापूर्वीच्या काळात या दुखण्याचे एक रूप गावाला चांगले ओळखीचे होते. कांजिण्या होऊन गेल्यावर मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहिलेला विषाणू प्रतिकारशक्ती घटताच जागा होतो आणि अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात. या आजाराला नागीण म्हणतात. म्हातारपणी होणारी नागीण तिशीच्या आतल्या स्त्रीला व्हावी, हे एचआयव्हीचे एक प्रारंभीचे लक्षण असू शकते, असे डॉक्टरांच्या ध्यानात येण्याआधीपासून गावोगावी नागिणीवर गेरूचा लेप लावणारे आणि मंत्र घालणारे जाणकार होते. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळाले की माणूस दगावतो, ही समजूत सर्वत्र पसरलेली होती. फोड महिन्याभरात सुकत आणि उतारा पडला असे सर्वांना वाटे. परंतु मज्जातंतूला झालेल्या इजेमुळे त्याच जागी पुढे महिनोन्‌महिने जाळ झाल्यासारखी वेदना राहते, पदराचा स्पर्शही सहन होत नाही, याची दखल घेणारा उपचार ना जाणकाराकडे होता ना तालुक्याच्या दवाखान्यात. इतर दुखण्यांवर शेक, निर्गुडीचा पाला, बिब्बा, काही भागांत तापल्या सळईचे डाग असे उपाय चालत. त्यांची टवाळी करणे सोपे आहे, पण त्या काळी सरकारी व्यवस्थेकडे पॅरासिटामॉलपलीकडे याहून फारसे प्रभावी असे काय होते, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे.

वस्तुतः तीव्र वेदनेवरचे सर्वांत जुने परिणामकारक औषध याच प्रदेशाच्या परिचयाचे होते. एकोणिसाव्या शतकात माळव्यातली अफू, म्हणजे होळकर आणि शिंदे यांच्या मुलखात पिकणारी अफू, मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि इंग्रज सरकार तिच्यावर परवान्यांद्वारे कर वसूल करी. देशांतर्गत विक्री १८७८ च्या अफू कायद्याखाली परवानाधारक दुकानांतून होई. १८९३ मध्ये नेमलेल्या अफूविषयक शाही आयोगापुढे झालेल्या साक्षींतून अफू ही हिंदुस्थानात घरगुती औषध म्हणून, विशेषतः खोकला, जुलाब आणि सांधेदुखीवर, किती सहज वापरली जात होती हे दिसून येते. आयोगाचा निष्कर्ष सरकारी महसुलाच्या सोयीचा होता हे खरे, पण त्यामुळे त्या साक्षी खोट्या ठरत नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या आया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत, ही गोष्ट १९२० च्या दशकातल्या चौकश्यांत नोंदली गेली आणि तिचे घातक परिणामही तेव्हाच पुढे आले. पुढे स्वातंत्र्याच्या आसपास अफूची मुक्त विक्री क्रमाक्रमाने बंद होत गेली, आणि घरगुती औषध हे तिचे स्थान संपले. जे संपले त्याच्या जागी वैद्यकीय मॉर्फिन, म्हणजे अफूपासून काढलेले शुद्ध आणि मोजून देता येणारे वेदनाशामक, खेड्यापर्यंत यायला हवे होते; ते आले नाही.

उलट १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, ज्याचे एनडीपीएस हे आद्याक्षरी नाव आता सर्वतोमुखी आहे, होते तेही आकसले. तस्करी रोखण्यासाठी केलेल्या या कायद्यात किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद होती, कारकुनी चूक आणि गुन्हा यांतला फरक पुरेसा स्पष्ट नव्हता, आणि मॉर्फिन बाळगणे, आणणे, नेणे यासाठी निरनिराळ्या खात्यांचे निरनिराळे परवाने लागत, ज्यांतला एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. परिणामी औषध दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. १९८५ ते १९९७ या बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटून वर्षाला अवघ्या १८ किलोवर आला. विरोधाभास असा, की याच काळात मंदसौर, नीमच, चित्तोडगड या पट्ट्यात सरकारी परवान्याने अफू पिकत होती, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होत होती आणि जगाच्या औषधनिर्मितीसाठी ती निर्यात केली जात होती. होळकर-शिंद्यांच्या जुन्या मुलखातून निघालेली अफू पूर्वीप्रमाणेच परदेशी जात राहिली. फक्त आता सांगली-साताऱ्याच्या रुग्णाला ती औषधरूपानेही मिळेनाशी झाली.

वेदनाशमनाची नवी विचारसरणी भारतात आली ती याच अडचणीच्या वर्षांत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची चढती श्रेणी, म्हणजे साध्या गोळीपासून सुरुवात करून गरजेनुसार मॉर्फिनपर्यंत जाण्याची पद्धत, प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला डॉ. लुईस डिसोझा यांच्या पुढाकाराने ‘शांती आवेदना’ हे देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे बरे होण्याची शक्यता उरलेली नाही अशा रुग्णांची सेवा करणारे निवासी केंद्र, सुरू झाले. पुढे त्याची शाखा गोव्यातही निघाली. कोझिकोड येथे १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या संस्थेतून केरळमध्ये गावपातळीवरच्या स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले. महाराष्ट्रात तसे जाळे झाले नाही. येथे वेदनाशमन म्हणजे मोठ्या शहरातले कर्करोग रुग्णालय आणि आयुष्याची अखेर, असे समीकरण रूढ झाले. एचआयव्ही असलेल्या स्त्रीचा या समीकरणात शिरकाव होण्याचा एकच मार्ग होता, तो गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. एचआयव्हीमुळे हा कर्करोग होण्याची शक्यता वाढते आणि १९९३ पासून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्याची गणना एड्सच्या निदानसूचक आजारांत केली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून चालत आलेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने मराठवाड्याच्या सीमेवरील खेड्यांत या कर्करोगाचे प्रमाण किती मोठे आहे हे दाखवून दिले होते. परंतु कर्करोगाची नोंद आणि एचआयव्हीची नोंद वेगवेगळ्या कार्यालयांत राहिली.

एचआयव्हीवरील उपचारांची वाट याच्या नेमकी उलट, जगण्याच्या दिशेने निघाली. सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये तीन औषधांचा एकत्रित उपचार दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत देण्याची तयारी दाखवली, आणि मुंबईतल्या या घोषणेने आफ्रिकेतल्या उपचारांचे अर्थकारण बदलून टाकले. भारतातल्या गरीब रुग्णाला मात्र आणखी तीन वर्षे थांबावे लागले. १ एप्रिल २००४ रोजी देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी, म्हणजे विषाणूची वाढ रोखणारा उपचार, सुरू झाला. त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत एआरटी केंद्रे निघाली आणि ज्यांच्या घरी तेराव्याची तयारी मनातल्या मनात झाली होती अशा स्त्रिया पुन्हा खुरपे घेऊन रानात जाऊ लागल्या. या यशाचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. त्या यशाच्या पोटातच पुढच्या दुखण्याचे बीज होते, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

ते बीज म्हणजे स्टॅव्ह्युडीन हे औषध. स्वस्त, सुरुवातीला सहज सोसणारे आणि तीन औषधांच्या एकाच गोळीत बसणारे असल्यामुळे गरीब देशांच्या उपचारयोजनेत त्याला पहिल्या फळीत स्थान मिळाले होते. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांना, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांना, ते हळूहळू इजा करते, आणि या इजेचा पहिला फटका शरीरातल्या सर्वांत लांब मज्जातंतूंना बसत असल्यामुळे दुखण्याची सुरुवात पावलांपासून होते. आधी मुंग्या, मग तळपायाची आग, रात्री वाढणारा ठणका, आणि काहींच्या बाबतीत पायाला खडा टोचला तरी न कळण्याइतका बधिरपणा, असा त्याचा क्रम असतो. एचआयव्ही स्वतःही मज्जातंतूंना याच प्रकारे इजा करतो, त्यामुळे रोगाचा भाग कोणता आणि औषधाचा कोणता हे ठरवणे तज्ज्ञालाही कठीण जाई. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड हे औषध बी-६ जीवनसत्त्वाची जोड दिली नाही तर हेच करते; आणि एचआयव्हीबरोबर क्षय असणे ही महाराष्ट्रात अपवादाची गोष्ट नव्हती.

स्टॅव्ह्युडीनला पर्याय होता, तो झिडोव्ह्युडीनचा. पण या दुसऱ्या औषधाने रक्त कमी होते, म्हणून ज्या रुग्णाचे हिमोग्लोबिन आधीच खाली आहे त्याला ते न देता स्टॅव्ह्युडीन द्यावे, असा राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा दंडक होता. वैद्यकीय दृष्ट्या तो बिनचूक होता. परंतु २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे निम्म्या स्त्रिया रक्तक्षयाने पछाडलेल्या होत्या, आणि ग्रामीण, गरीब, वारंवार बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत हे दुखणे अधिक असणार हे उघड होते. म्हणजे घरात सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी जेवणारी जी, तिच्याच वाट्याला पाय जाळणारे औषध येण्याची शक्यता अधिक, अशी ही साखळी होती. कोणत्याही एका कार्यालयाने हा अन्याय योजला नव्हता. ताटातला भेदभाव आणि औषधाच्या यादीतला एक निर्दोष नियम एकत्र आल्यावर तो आपोआप घडत होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये स्टॅव्ह्युडीनची मात्रा सर्वांसाठी ३० मिलिग्रॅमवर आणण्यास सांगितले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ते औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. भारतात हे स्थित्यंतर त्यानंतरच्या काही वर्षांत झाले आणि टेनोफोव्हिर हे औषध त्याच्या जागी आले. औषध बदलल्यावर काहींची आग कमी झाली, पण मज्जातंतूंची इजा खोल असेल तर ती पूर्णपणे भरून येत नाही.

या सर्व वर्षांत एआरटी केंद्रांत रुग्णाचे पांढरे कार्ड भरले जात होते. त्यावर वजन, प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या सीडी-४ पेशींची संख्या, गोळ्या किती चुकल्या, आणि रुग्णाची स्थिती काम करणारी, हिंडती-फिरती की अंथरुणाला खिळलेली, हे नोंदण्याची सोय होती. औषधाच्या दुष्परिणामांत पायांची आग लिहिता येत असे, पण वेदना किती, कधीपासून आणि कोणत्या कामात आडवी येते हे मोजण्याचे प्रयोजन त्या कार्डाला नव्हते. शेतमजूर स्त्री तळपायाला आग असतानाही भांगलणीला जातच राहते, कारण न गेल्यास त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे कार्डावर तिची गणना ‘काम करणारी’ या सर्वांत समाधानकारक वर्गात होई. शिवाय दुखणे सांगण्यात तिला धोका वाटे. गोळ्यांमुळे त्रास होतो म्हटले तर गोळ्या बंद होतील, ही भीती एका बाजूला, आणि गावात पायांच्या दुखण्याची चर्चा झाली तर मूळ आजाराचा सुगावा लागेल, ही दुसऱ्या बाजूला. केंद्रात शंभर-दीडशे माणसे रांगेत असताना समुपदेशकाचा वेळ गोळ्या नियमित घेण्याच्या उपदेशातच संपे, यात समुपदेशकाचाही फारसा दोष काढता येत नाही.

जे केंद्रात सांगितले जात नसे ते गावच्या खाजगी डॉक्टरला सांगितले जाई, मात्र एचआयव्हीचा उल्लेख टाळून. तेथे मिळणारा उपचार ठरलेला होता, तो म्हणजे एक सुई आणि चार दिवसांच्या गोळ्या. त्या सुईत बहुधा डायक्लोफिनॅकसारखे सूज उतरवणारे वेदनाशामक असे. मज्जातंतूच्या वेदनेवर या औषधांचा उपयोग नगण्य असतो, आणि टेनोफोव्हिर घेणाऱ्या रुग्णाने ती वारंवार घेतल्यास मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढतो. पण आजार लपवून घेतलेल्या उपचारात डॉक्टरला हे कळण्याचा मार्ग नव्हता. मज्जातंतूच्या वेदनेसाठी कमी मात्रेत दिले जाणारे अमिट्रिप्टिलिन हे स्वस्त औषध आहे, परंतु एचआयव्हीमुळे होणाऱ्या या विशिष्ट वेदनेत ते औषधाचा अंश नसलेल्या, केवळ तुलनेसाठी दिलेल्या गोळीपेक्षा सरस ठरत नाही, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसले. मज्जातंतूच्या वेदनेवरचे दुसरे औषध कार्बामाझेपिन, पण ते रक्तातील अनेक एआरटी औषधांचे प्रमाण घटवते. थोडक्यात, गोळी बदलून सुटेल असे हे दुखणे नव्हते.

याच कारणामुळे मॉर्फिनच्या तुटवड्यावर सगळे खापर फोडणेही योग्य होणार नाही. २०१४ च्या दुरुस्तीने एनडीपीएस कायद्यात ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वर्ग निर्माण झाला, मॉर्फिनसह सहा औषधांसाठी अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध प्रशासनाची एकच मान्यता पुरेशी ठरली, आणि कर्करोगाने किंवा एड्सच्या अखेरच्या अवस्थेत तळमळणाऱ्या रुग्णांसाठी ही सुधारणा मोलाची होती. पण पंचवीस वर्षे जगायचे असलेल्या, रोज शेतात जाणाऱ्या स्त्रीच्या कंबरदुखीवर किंवा तळपायाच्या आगीवर मॉर्फिन हे सहसा पहिले उत्तर नसते. जुन्या वेदनाशमन चळवळीची सर्व बुद्धी ज्या दरवाजापाशी खर्च झाली, तो उघडला तेव्हा ही स्त्री त्या दरवाजापाशी उभी नव्हती.

तिच्या परिस्थितीला अधिक जवळचा प्रयोग दक्षिण आफ्रिकेत झाला. केप टाउन विद्यापीठातील भौतिकोपचारतज्ज्ञ रोमी पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खायेलित्शा या वस्तीतील एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि दीर्घकालीन वेदना सोसणाऱ्या खोसा भाषिक स्त्रियांसाठी सहा आठवड्यांचा कार्यक्रम आखला. त्यात वेदना म्हणजे काय हे समजून घेणे, अंगाला झेपेल असा व्यायाम आणि ताणतणाव हाताळण्याचे मार्ग यांचा समावेश होता, आणि तो चालवणाऱ्या स्त्रिया त्याच परिस्थितीतल्या होत्या. ज्या गटाला कार्यक्रम मिळाला त्याची वेदना कमी झाली. पण ज्या गटाला केवळ एक मार्गदर्शक पुस्तिका देऊन नियमितपणे विचारपूस केली गेली त्याचीही जवळपास तितकीच कमी झाली. संशोधनाच्या काटेकोर भाषेत हा निकाल निराशाजनक म्हणता येईल. मात्र ज्या वेदनेची आजवर कोणी विचारपूसच केली नव्हती, तिच्या बाबतीत हा निकाल वेगळ्या अर्थाने वाचायला हवा.

महाराष्ट्रात अशा कामासाठी लागणारी माणसे नाहीत असे नाही. २००५ नंतरच्या आशा कार्यकर्त्या, एआरटी केंद्रांतून नेमलेल्या स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या समन्वयक, बचत गट, आणि सांगलीसारख्या जिल्ह्यांतल्या स्त्रियांच्या संघटना यांतून गोळ्या वेळेवर घेण्याची शिस्त गावोगावी पोहोचवली गेली, ती याच प्रकारच्या संगतीच्या बळावर. आंध्र प्रदेशात आशा कार्यकर्त्यांची सोबत आणि पोषक आहार यांची जोड दिल्यास एचआयव्ही असलेल्या ग्रामीण स्त्रियांच्या प्रकृतीत सुधारणा होते, असे तेथील अभ्यासांतून दिसले. फक्त वेदना हा विषय त्या शिस्तीच्या यादीत कधी घातला गेला नाही.

२००४ ते २०१० च्या दरम्यान उपचार सुरू केलेल्या स्त्रियांपैकी अनेक जणी आता पन्नाशीत आहेत. मज्जातंतूंच्या जुन्या इजेत त्यांच्यापुरती नवी भर पडली आहे ती रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होण्याची, जिला टेनोफोव्हिरच्या दीर्घ वापरानेही हातभार लागतो. २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले, त्यानंतर डोल्युटेग्रॅव्हिर हे अधिक सुसह्य औषध पहिल्या फळीत आले, आणि कोविडच्या काळापासून प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची पद्धत रुळली. यामुळे एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी वाचली, ही सोय खरीच मोठी आहे. तिची दुसरी बाजू अशी, की ज्या स्त्रीच्या रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरलेला नाही तिची केंद्रातली भेट वर्षाकाठी काही मिनिटांवर आली आहे, आणि पायांचा विषय तिने स्वतः काढला नाही तर तो बहुधा निघत नाही.